एक पाय चपलेत

उजवा पाय चपलेत गेला होता, डावा अजून जायचा होता, तेवढ्यात पाठीमागे कॉम्प्युटरने टिंग केलं. भिंगरी दारातच थबकला. हे टिंग ऐकायला तो खोलीत सहसा हजरच नसायचा. कॉम्प्युटरला भरतकामाचे टाके पाडायचा हुकूम द्यायचा, चपला चढवायच्या, मागच्या दाराने सटकायचं, गल्ली ओलांडायची, जिना चढायचा, तिथलं काम उरकून परत यायचं, खुर्चीत बसून निरागस चेहरा करायचा, आणि मग कुठे तो म्हातारा कॉम्प्युटर खोकत खोकत सांगायचा की झालं बुवा एकदाचं. आज त्याने चप्पलसुद्धा धड घालू दिली नाही.

"पळायला लागला की हो!" खुर्चीमागे उभ्या असलेल्या मालकीणबाई वहिनी म्हणाल्या. पहिली सायकल मिळालेल्या पोरीचा आनंद त्यांच्या आवाजात होता. मग त्यांचं लक्ष दाराकडे गेलं. "भिंगरीकाका, तुम्ही कुठे निघालात?"

"कुठे नाही. पाय आखडला होता," भिंगरी म्हणाला आणि त्याने चपलेतला पाय बाहेर काढला.

पाय आखडण्याची गोष्ट भिंगरीने सांगावी म्हणजे माशाने सर्दीची तक्रार करण्यासारखं होतं. पाळण्यात असताना तो पाळण्यासकट शेजारच्या खोलीपर्यंत गेला होता, असं त्याची थोरली बहीण शपथेवर सांगे. शाळेच्या फोटोत सगळी मुलं मुलांसारखी आहेत आणि दुसऱ्या रांगेत एक धुरकट पट्टा आहे, तो हा. लग्नाच्या फोटोत नवरी छान हसते आहे आणि तिच्या शेजारी आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी नुसती हवा आहे. झोपेत तो इतक्या कुशी बदले की सकाळी उशीलाच चक्कर आलेली असे. फोटोतली ती नवरी पुढे फार वर्षं राहिली नाही. दवाखान्यात तिने डोळे मिटले तेव्हा भिंगरी खाटेजवळ नव्हता. बसवेना म्हणून जिन्यात वरखाली करत होता. याबद्दल तो कधी बोलत नसे. एरवी त्याच्या बोलण्यात थापांचा इतका गजबजाट असे की या एका गप्प जागेकडे कुणाचं लक्षही जात नसे.

अशा माणसाने खुर्चीत बसून करायचं काम पत्करावं, हाच एक चमत्कार. कारखाना होता बिल्ल्यांचा. शाळेच्या सदऱ्यावरचा खिशाचा बिल्ला, खेळाडूंच्या टोप्या, पहारेकऱ्यांच्या बाहीवरचा गरुड, असलं सगळं भरतकाम तिथे मशीनवर होई. चित्र आलं की भिंगरीने ते कॉम्प्युटरवर घ्यायचं, सुई कुठून कुठे जाईल ते आखायचं आणि शेवटी टाके पाडायचा हुकूम द्यायचा. मग कॉम्प्युटर एकेक टाका मोजत बसे. ते झालं की डिझाइन पलीकडच्या खोलीत मशीनकडे पाठवायचं. तिथे दाढी नावाचा कारागीर बसे. दाढी रंगांचे दोरे ओवी, बटण दाबी, आणि एका रांगेतल्या साऱ्या सुया एकदम खाली येत. काय भरलं जातंय याच्याशी दाढीला कर्तव्य नसे. त्याला फक्त रंग सांगायचे.

टाके मोजण्याचा तो वेळ भिंगरीला पावला होता, नाहीतर खुर्चीत बसून त्याला वेडच लागलं असतं. आधी तो वेळ नुसता फिरण्यात जाई. पण अक्का पडली, तिच्या खुब्याचं हाड मोडलं, आणि त्या वेळाला घर मिळालं. अक्का म्हणजे तीच पाळण्याची साक्षीदार थोरली बहीण. कारखान्यामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर राहायची. तिची मुलगी बसच्या आगारात तिकिटाच्या खिडकीवर कामाला जाई, ती संध्याकाळी येई. दिवसभर अक्का एकटी, खाटेवर. म्हणून एकेका बिल्ल्यामागे भिंगरीची एकेक खेप. या खेपेला खिडकी उघडायची, पुढच्या खेपेला लावायची. एकदा उशी वर करायची, एकदा खाली. पाणी विचारायचं. आणि जाता येता एक थाप ठोकायची: एका सरदाराने आपल्या पोपटासाठी जाकीट शिवायला टाकलंय आणि पोपटाला बिल्ला पसंत नाही, वगैरे. पोपटाने जाकीट घेतलं की नाही हे अक्काला कधीच कळलं नाही, कारण तेवढ्यात भिंगरीला टिंगची आठवण होई. अक्काजवळ अशा अर्ध्या गोष्टींचा ढीग साचला होता.

कारखान्यात या खेपांचा कुणाला पत्ता नव्हता, निदान भिंगरीची तशी खात्री होती.

जुन्या मालकांचे गुडघे गेले आणि कारभार त्यांच्या सुनेकडे, म्हणजे वहिनींकडे आला. वहिनी कामाला वाघ. पहिल्याच महिन्यात त्यांनी विचारलं की या खोलीत सगळे वाट कसली बघत बसतात. दाढी म्हणाला, कॉम्प्युटरची. नवा घ्यावा म्हटलं तर भरतकामाच्या मशीनशी बोलायची जे कार्ड जुन्याच्या पोटात होतं, ते नव्या कॉम्प्युटरमध्ये बसत नव्हतं. तेव्हा डॉक्टरला बोलावण्यात आलं. डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा; यंत्राच्या पोटाला कान लावून बसायची सवय, म्हणून हे नाव. वहिनींनी त्याला सरळ विचारलं, मेमरी वाढवली तर हा पळेल का?

 भिंगरी पटकन म्हणाला, "नाही पळायचा. म्हातारा झालाय तो. म्हाताऱ्याला कितीही खाऊ घाला, चालणार काठी टेकतच."

"काका, थांबा जरा," डॉक्टर म्हणाला. "कशावर अडलंय ते आधी बघू. वहिनी, ते तुमचं कापड कापायचं टेबल बघा. टेबल छोटं असलं तर कारागीर काय करतो? दोन तागे टेबलावर घेतो, बाकीचे कपाटात. तिसरा लागला की पहिला कपाटात ठेवून यायचा, तिसरा आणायचा. कापणं राहतं बाजूला, फेऱ्याच जास्त. मेमरी म्हणजे ते टेबल. टेबल मोठं केलं की फेऱ्या वाचतात."

"म्हणजे पळेल?"

"टेबल भरून वाहत असेल तर पळेल. टेबल आधीच अर्धं रिकामं असेल, आणि कारागीरच दमलेला असेल, तर टेबल मैदानाएवढं केलंत तरी तो त्याच चालीने कापणार." एवढं बोलून त्याने कान लावला, टाके पाडायचा हुकूम देऊन बघितला. आतून घरघर सुरू झाली, डबड्यावरचा बारका दिवा पेटला तो विझेचना. डॉक्टर हसला. "ऐका. हा काम करतच नाहीये. हा नुसता कपाटाकडे फेऱ्या मारतोय."

"भिंगरीसारखा," पलीकडून दाढी म्हणाला, आणि सगळे हसले. भिंगरीही हसला, पण त्याला वाटलं, दाढीला काही माहीत तर नाही?

डॉक्टर मेमरीची पट्टी आणायला गेला त्या दिवसापासून भिंगरीने मनातल्या मनात त्या कॉम्प्युटरची काय काय विनवणी केली. कारागीरच म्हातारा निघू दे, म्हणाला. पट्टी बसायची नाही असं काहीतरी कर. आमची इतकी वर्षांची सोबत आहे. पण पट्टी बसली, आणि टिंग झालं, आणि त्याचा एक पाय चपलेत राहिला.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत भिंगरी जागचा हलला नाही. म्हणजे कमरेच्या वर हलला नाही. टेबलाखाली त्याचे पाय इतके नाचत होते की टाचण्यांचा डबा सरकत सरकत कडेला जाऊन पडला. एक डिझाइन झालं की दुसरं हजर. मधे श्वास नाही. त्याच्या डोळ्यांसमोर अक्का दिसे: ऊन तोंडावर आलंय, पडदा ओढायला कुणी नाही, पाण्याचं भांडं हाताला लागत नाहीये, खाटेवरून उठायला बघतेय. घंटा होताच जेवणाचा डबा तसाच ठेवून तो धावला. जिना त्याने असा चढला की वरच्या पायऱ्या आधी आणि खालच्या मागून लागल्या.

अक्का शांत पडली होती. पाण्याचं भांडं हाताशी होतं. ऊन तोंडावर नव्हतं.

"आज उशीर?" तिने विचारलं.

"मोठं काम आलंय. हत्तीला झूल घालायचीय, पण त्याच्या पाठीचं माप घ्यायला कुणी शिडी..." एवढं सांगून तो उशी वर करायला वाकला. अक्काने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

परत येताना गल्लीतच त्याला ते सुचलं. सगळी किल्ली डॉक्टरने आपल्या तोंडाने सांगून ठेवली होती. टेबल मोठं झालं ना? मग ते भरून टाकायचं. खुर्चीत बसल्याबरोबर त्याने जुनी डिझाइनं उघडायला सुरुवात केली. शाळांचे सगळे बिल्ले, गरुड, सिंह, दोन तोंडांचे घोडे, एका बंद पडलेल्या बँडची तुतारी, कुण्या पोहण्याच्या वर्गाचं बदक. एकही बंद करायचं नाही, एकावर एक पसरायची. स्क्रीनच्या खालच्या कडेला उघड्या डिझाइनांच्या चौकोनांची गर्दी झाली, मग ते चौकोन इतके बारीक झाले की त्यांवरची नावंही वाचेनात. मग त्याने एक साधा बिल्ला घेतला आणि टाके पाडायचा हुकूम दिला. बारका दिवा पेटला. आतून ओळखीची घरघर आली. भिंगरीने दोन्ही पाय चपलांत घातले, निवांतपणे, आणि निघाला.

काही दिवस असे मजेत गेले. भिंगरीच्या खेपा सुरू झाल्या. खिडकी उघडायची, लावायची. हत्तीला शिडी मिळाली पण हत्तीला गुदगुल्या होतात, इथवर गोष्ट आली. वहिनींनी मात्र डॉक्टरला फोन करून विचारलं की तुमची मेमरी कापरासारखी उडून जाते का. डॉक्टर येऊन गेला, पोटाला कान लावला, डोकं खाजवलं. तो येणार असं कळलं की भिंगरी सगळी डिझाइनं बंद करून टाकी, त्यामुळे डॉक्टरसमोर यंत्र वाऱ्यासारखं पळे आणि त्याची पाठ वळली की पुन्हा घरघर. डॉक्टरचा चेहरा उतरला. माझ्या हातात काहीतरी दोष आलाय, असं तो वहिनींना म्हणाला. ते ऐकून भिंगरीला कसंसंच झालं. तो डॉक्टरच्या नजरेला नजर देईना. पण डॉक्टरची पाठ वळताच त्याने बदक पुन्हा उघडलंच.

आणि तेच भोवलं.

अग्निशमन दलाच्या टोप्या आल्या होत्या. निळ्या टोप्या, कपाळावर पिवळी ज्वाला, मधे लाल जीभ. भिंगरीने ज्वाला झकास काढली होती, टाकेही पडले होते. मशीनकडे पाठवायची तेवढी राहिली होती. पण त्याला खेपेची घाई. त्या बारीक चौकोनांच्या गर्दीत, एक पाय चपलेत असताना, उभ्या उभ्या त्याने माउस दाबला, ओरडून दाढीला सांगितलं, "पिवळा आणि लाल!" आणि तो सटकला. दाढीने पिवळा ओवला, लाल ओवला, बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दलाचा मोठा साहेब स्वतः टोप्या न्यायला आला. उंच, भरदार, भुवयासुद्धा गणवेशातल्या वाटाव्यात असा. वहिनींनी अभिमानाने गठ्ठा सोडला. साहेबाने वरची टोपी उचलली आणि उलटसुलट करून बघितली.

"हे काय आहे?" त्याने विचारलं.

 उत्तर दाढीने दिलं, "ज्वाला."

"ज्वालेला चोच असते?"

दाढीने टोपी हातात घेऊन पहिल्यांदाच नीट बघितली. "मला भरताना वाटलं होतं," तो विचार करत म्हणाला, "जरा गुबगुबीत आहे म्हणून."

पोहण्याच्या वर्गाचं बदक होतं ते. पिवळं, लाल चोचीचं, अतिशय आनंदी. गठ्ठ्यातल्या प्रत्येक टोपीवरून ते सगळ्यांकडे बघत होतं. साहेब हसला नाही. वहिनींची मान खाली गेली. नवी मुदत ठरली, साहेबाने ती दोनदा बजावली, आणि तो गेल्यावर वहिनी भिंगरीच्या खुर्चीत जाऊन बसल्या. खालच्या कडेची ती गर्दी त्यांनी बघितली. एकेक चौकोन उघडत गेल्या. गरुड, सिंह, घोडे, तुतारी.

"दाढी, तुम्ही जरा चहा घेऊन या," त्या म्हणाल्या. दाढी गेला. भिंगरी भिंतीशी उभा होता, आणि त्याचे पाय चाळवत होते.

"हे सगळं उघडं का ठेवलंत?"

भिंगरीच्या जिभेवर तीन-चार थापा तयार होत्या. पोपटाचीही आली. पण त्याला डॉक्टरचा उतरलेला चेहरा आठवला.

"टेबल भरायला," तो म्हणाला.

 वहिनींना कळलं, कारण डॉक्टरचं टेबल त्यांनीही ऐकलं होतं. "तुम्हाला तो हळूच हवा होता."

"हो."

"का?"

"मागच्या गल्लीत बहीण आहे माझी. खाटेवर आहे. दिवसभर कुणी नसतं तिच्यापाशी. तो टाके मोजतो तेवढ्यात मी जाऊन येतो. आता तो मला दारापर्यंतही जाऊ देत नाही." तो थांबला. "ती एकटी असताना काही झालं, आणि मी नसलो..."

  वहिनी सावकाश एकेक डिझाइन बंद करत होत्या. शेवटी स्क्रीनवर एकटी ज्वाला उरली. त्यांनी हुकूम दिला, आणि टिंग झालं.

"डॉक्टरला तुम्ही स्वतः जाऊन खरं सांगायचं," त्या म्हणाल्या. "तो बिचारा रात्रीचा झोपत नाहीये. आणि ही बदकं तुम्ही उसवायची. सगळी. हाताने, टोपीला भोक न पाडता. रोज डिझाइनांचं काम उरकलं की बसायचं उसवायला. यंत्र पळतंय, त्यामुळे दुपारपर्यंत तुमचं काम उरकेल."

"बरं."

"कुठे बसून उसवता, ते मला सांगायची गरज नाही," वहिनी म्हणाल्या आणि उठल्या.

भिंगरीने टोप्यांचं गाठोडं खांद्यावर टाकलं आणि दुपारी तो गल्ली ओलांडून गेला तो पळत नव्हे, तरंगतच. जिन्यात त्याने सांगायची सगळी तयारी केली. आता चोरून यायला नको. आता दुपारभर. अक्का किती खूष होईल, हे त्याला आधीच दिसत होतं.

त्याने खाटेजवळ स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. मेमरी, टेबल, उघडे बिल्ले, वहिनी. "म्हणजे आता सकाळी यायला जमायचं नाही," तो म्हणाला. "पण दुपारनंतर मी इथेच. तू काळजी करू नकोस."

अक्काने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. "सुटले," ती म्हणाली.

"काय?"

"अरे भिंगऱ्या, सकाळी जरा डोळा लागतो तोवर तुझी पावलं जिन्यात. उशी वर, उशी खाली. खिडकी उघड, खिडकी लाव. पुन्हा जरा डोळा लागतो तोवर पुन्हा पावलं. मी झोपू तरी कधी?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? येऊ नको म्हणू?" अक्काने डोळे उघडले. "बायको गेल्यापासून तू एका जागी टेकलेला मी पाहिला नाही. इथे येऊन निदान दोन शब्द बोलत होतास. म्हटलं, येऊ दे. त्याला बरं वाटतंय."

भिंगरी स्टुलावर बसून राहिला. इतके दिवस जो जिना तो तिच्यासाठी चढत होता, तो कुणासाठी होता हे त्याला आता नीटसं ठरवता येईना. त्याने उठायला म्हणून पाय सावरले. पाण्याचं भांडं बघितलं; ते हाताशीच होतं. खिडकी अर्धी उघडी होती, आणि ती अर्धीच बरी होती.

"ते गाठोडं कसलं?" अक्काने विचारलं.

त्याने एक टोपी काढून दाखवली. अक्का बदकाकडे बघून हसली. खुबा दुखला तरी हसली. ती म्हणाली, "आता उठू नकोस. बस, आणि एक तरी गोष्ट शेवटपर्यंत सांग. या बदकाची सांग."

भिंगरीने टाके उसवायची बारकी सुरी काढली, टोपी मांडीवर घेतली, आणि सांगायला लागला. यात पोपट नव्हता की हत्ती नव्हता. जन्मात पहिल्यांदा तो गोष्ट घडली तशी सांगत होता. दाढीने बटण दाबलं इथवर आला तेव्हा अक्का पुटपुटली, "पोपटाची बरी होती. ही पटत नाही." गोष्टीतला मोठा साहेब दारात आला, आणि झोपेने अक्काचा श्वास लांब झाला. भिंगरीने आवाज उतरवला. साहेबाने टोपी उचलली, हे काय आहे म्हणाला, दाढीने ज्वाला म्हटलं, चोचीचं झालं, वहिनींची मान खाली गेली; आवाज उतरत उतरत नुसते ओठ हलत राहिले, पण गोष्ट त्याने सोडली नाही. शेवटपर्यंत नेली.

ती संपली तेव्हा चोच उसवून झाली होती. अक्काची उशी जरा एका बाजूला कलली होती. त्याने हात पुढे केला, आणि मागे घेतला.

पिवळे दोरे त्याच्या मांडीवर साचत गेले. एक टोपी स्वच्छ झाली की तो दुसरी घेई. एक मात्र त्याने बदकासकट वेगळी काढली आणि खाटेच्या दांड्यावर, अक्काला जाग आल्यावर समोर दिसेल अशी अडकवली. तेवढ्यापुरता उठला, पुन्हा बसला. स्टुलाच्या पायाशी त्याच्या चपला जोडीने पडल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी त्याचे अनवाणी पाय, दोन्ही, जमिनीवर टेकलेले.

त्या घटकेला फोटो काढला असता तर तो अगदी स्पष्ट आला असता. पण काढायला तिथे कुणी नव्हतं. अक्का झोपली होती.